पुढचा ब्रेक धरायचा नसतो

४ फेब्रु. ८६

आज मेलो असतो. मी आणि सुमन, दोघंही. किल्ल्याच्या उतारावर पुढं कडब्याचा ट्रक होता आणि त्या शहाण्यानं तो मध्येच उभा केला, खाली उतरून बिडी पेटवायला. मागचा ब्रेक पायाखाली पुरता दाबला तर चाक नुसतं घसरत गेलं. पुढचा धरला तर लिव्हर मुठीला जाऊन टेकली, गाडीला पत्ताच नाही. चहात बुडवलेला पाव दाबावा तसं. शेवटी बुटाच्या टाचा घासत कसाबसा थांबलो. सीटमागच्या पेटीत दूध तपासायच्या ॲसिडची बाटली, मागं सुमन, पुढं कडबा. वर ड्रायव्हर मलाच म्हणतो, "बघून चालवा की मास्तर."

मी मास्तर नाही. मास्तरीण मागं बसली होती.

शाळेपाशी उतरल्यावर सुमननं एवढंच विचारलं, "तुम्ही पुढचा ब्रेक धरला होता का?" धरणारच की, म्हणालो. तिनं पदर खोचला आणि चालू लागली. जीव वाचला त्याचं काही नाही, ब्रेक का धरला म्हणून राग.

५ फेब्रु.

मोटारसायकल विलायती, बावन्न सालची. आळीतल्या रिटायर ओव्हरसियरांकडून घेतली तेव्हा म्हणाले होते, एका बोटानं थांबते. मेल्या म्हशीला मणभर दूध. इथं सबंध पंजानं थांबत नाही.

आणि मुळात मी माझी गाडी का झिजवायची? दूध संघाकडं जीप आहे. पर्यवेक्षकानं गावोगावच्या केंद्रांवर जाऊन दूध तपासावं म्हणूनच ती घेतली. सध्या चेअरमनसाहेबांच्या मेहुण्याच्या लग्नपत्रिका वाटत फिरते आहे. आमच्या व्यवस्थापकांना विचारलं तर म्हणे, "तुमच्याकडं एवढी दांडगी गाडी असताना जीप कशाला पायजे?" दांडगी गाडी त्यांना पहिल्या दिवसापासून खुपते. आमच्या वस्तीतल्या माणसानं सायकलपाशी थांबावं, असं आता तोंडानं कुणी म्हणत नाही. गाडीकडं बघतात त्यावरून कळतं.

९ फेब्रु.

सोलापूरहून नवी केबल आणली. बसस्टँडशेजारच्या अजीज मिस्त्रीनं बसवली. समोर चहा घेऊन येईपर्यंत काम झालेलं. "एकदम टाइट केलं साहेब."

उतारावर जाऊन बघितलं. जैसे थे. तसाच परत आलो. मिस्त्री म्हणाला, नवी केबल हाय, बसायला वखत लागतोय. बसायला ती काय नवी सून आहे?

१२ फेब्रु.

केबल बसली नाही. पु.ब्रे. तसाच. (पुढचा ब्रेक. आता हे दोन शब्द रोज लिहायचा कंटाळा आला.)

आज तीन केंद्रांवर दुधात पाणी. विहिरींनी तळ गाठलाय, टँकर आला की घागरींची मारामारी, प्यायला पाणी नाही, पण दुधात घालायला आहे. मी बोललो तर केंद्राचा सचिव म्हणतो, म्हशीच पातळ देतात हो, कडब्यावर काय फॅट लागणार. त्याच्या घरच्या चार म्हशींचं दूध मात्र घट्ट. छावणीतली हिरवी वैरण आधी कुणाच्या गोठ्यात उतरते, हे विचारायची सोय नाही. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं.

येताना उतार पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या मागं मागं उतरलो. बैल माझ्यापेक्षा बरे थांबतात.

१६ फेब्रु. रविवार

पुढचं चाक अंगणात काढलं. मिस्त्रीच्या नादी लागण्यापेक्षा आपले हात काळे केलेले बरे.

ड्रमला आतून शाळेचा खडू फासला. (सुमनच्या पिशवीतला. "सरकारी आहे" म्हणाली.) चाक बसवून ब्रेक लावला, पुन्हा काढून बघितलं. ड्रममधल्या ब्रेक-शूच्या मधल्या चार बोटं जागेवरच खडू लागलेला, दोन्ही टोकं कोरी. म्हणजे शू ड्रमला नीट भिडतच नव्हते. मधला उंचवटा पॉलिशकागदानं घासला, परत खडू, परत घासणं. दुपार त्यातच गेली. मग ओव्हरसियरांची युक्ती: ॲक्सलचा नट ढिला ठेवायचा, चाक गरगर फिरवून ब्रेक दाबायचा आणि दाबलेल्या अवस्थेतच नट आवळायचा, म्हणजे शू आपोआप मध्यावर बसतात. त्यांचं एवढं एक बोलणं खरं निघालं.

हात धुवायला सुमननं अर्धा तांब्या पाणी दिलं. तांब्याभर मागितलं तर म्हणाली, टँकर परवा आहे.

१७ फेब्रु.

फरक आहे. पूर्वी लागतच नव्हता, आता शेवटी शेवटी लागतो. पण पहिली निम्मी ओढ अजून तशीच पोकळ. लिव्हर ओढतोय आणि ती मध्येच काहीतरी खाते आहे. काय खाते कळेना. डोकं उठलं.

२३ फेब्रु. रविवार

सापडलं.

सुमनला लिव्हर धरायला लावली आणि मी चाकापाशी बसलो. "दाब." तिनं दाबली. ड्रमवरचा दांडा हललाच नाही. "अजून दाब." आता हलला. म्हणजे खाली दोष नाही, वरच काहीतरी आहे. उठून लिव्हरजवळ आलो. जिथं केबल आत शिरते तिथं एक रबरी टोपी असते, धूळ जाऊ नये म्हणून. ती आजवर कधी सरकवून बघितली नव्हती. आज सरकवली, "दाब" म्हणालो, तर टोपीखालून काळं रबर फुगून बाहेर आलं. सोडलं की आत. बेडकाचा गळा हलतो तसं.

सायकलच्या ट्यूबची चकती. दोन, एकावर एक. मध्ये भोक आणि एका बाजूनं चीर, म्हणजे केबल न सोडता नुसती बाजूनं अडकवता येते. लिव्हर ओढली की आधी ही रबरं चेपायची आणि मग काय उरेल ते चाकाला. नवी केबल, खडू, पॉलिशकागद, एवढी मरमर, आणि वर ही गादी घालून ठेवलेली.

सुमनला सगळं दाखवलं. बघ, म्हटलं, कुणी केलं असेल हे? अशी नुसती अडकवायची, झालं, एवढंसं काम. दोनदा घालून-काढून दाखवलं. ती लक्ष देऊन बघत होती. "कुणी मुद्दाम घातली असेल?" एवढंच म्हणाली.

मुद्दामच. रबर काय आपोआप उगवतं?

२४ फेब्रु.

अजीजकडं गेलो आणि चकत्या त्याच्या पुढ्यात टाकल्या. वाटलं, शरमेल. उलट हसला.

"ती गादी हाय साहेब. पुढच्या बिरेकला गादी घालायचीच असती. माझ्या उस्तादनं शिकवलंय."

कशाला, विचारलं.

"पुढचा बिरेक धरायचा नसतोय. कचकन धरला की मानूस डोक्यावरनं जातोय. म्हनून आमी रबर देतो. लई झालं तर मऊ लागंल, पन मानूस खाली पडनार न्हाय."

म्हणजे गाडी पहिल्यांदा याच्याकडं आली तेव्हाच यानं एक घातली, आणि सोलापूरची केबल बसवताना वर दुसरी, मी समोर चहा पीत असताना. आणि एकट्या माझ्या गाडीला नाही. डॉक्टरांच्या, फौजदारांच्या, साऱ्या नळदुर्गातल्या गाड्यांना. अख्खं गाव निम्म्या ब्रेकवर फिरतंय आणि कुणाला पत्ता नाही. गाडीचं निम्मं वजन थांबताना पुढं येतं, उतारावर तर सगळंच, तिथं मागचा ब्रेक काय करणार, पुढचाच लागतो, हे मी त्याला बोल्ट मांडून समजावलं. तो मान डोलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "खरं हाय साहेब. पन माझ्या हातनं गेलेल्या गाडीवर आजवर कुनी मेलं न्हाय."

मी चार तारखेला मरता मरता वाचलो, म्हणालो.

"वाचला न्हवं?" म्हणाला.

गाढवापुढं वाचली गीता. चकत्या गटारात फेकल्या. चहाला बोलावत होता, थांबलो नाही.

१ मार्च

आता गाडी गाडी झाली. दोन बोटं लावली की पुढचं चाक जमिनीला धरतं. आज उतारावर मुद्दाम मध्येच थांबून बघितलं. मागून येणारा एस.टी.वाला शिव्या देत गेला. देऊ देत.

सुमनला म्हणालो, बघितलंस? तिनं माझा शर्ट इतका घट्ट धरला होता की बटण तुटलं.

७ मार्च

सुमनची शाळा आता सकाळची. उन्हाळा लागला. साडेसहाला निघतो. उतार, खाली बोरी नदी कोरडीठाक, पात्रात झरे खणून बसलेल्या बाया, पुढं वडाचीवाडी, तिची शाळा. तिला सोडून मी पुढं केंद्रांवर. जीप अजून लग्नातच. लग्न झालं, आता सत्यनारायण आहे म्हणे.

११ मार्च

पडलो.

उतारावर नाही. वडाचीवाडीच्या पुढं, एकटा असताना. मोरीचं काम चाललंय म्हणून शेतातून वळणरस्ता काढलाय, नुसता मुरूम. एक शेळी आडवी आली, हात आपोआप लिव्हरवर गेला, आणि पुढचं चाक साबणावरून निसटावं तसं निसटलं. डावा गुडघा सोलला. ॲसिडची बाटली फुटली नाही, पण बूच उडालं आणि पेटीचं लाकूड एका कोपऱ्यात काळं झालं. शेळीला काही नाही.

मुरमावर पुढचा ब्रेक असा धरायचाच नसतो, हे मला ठाऊक आहे. डांबर वेगळं, मुरूम वेगळा. चूक हाताची, ब्रेकची नाही. पण हे कुणाला सांगणार? अजीजला कळलं तर पेढे वाटेल.

सुमनला सांगितलं, केंद्रावर पायरीवरून घसरलो. तिनं हळद लावली. पेटीच्या काळ्या कोपऱ्याकडं बघत होती बहुतेक.

२० मार्च

पु.ब्रे. परत मऊ.

आज सकाळी उतारावर लक्षात आलं. पूर्वीइतका नाही, पण दोन बोटांत लागत होता तो आता चार बोटांत लागतो. परवापर्यंत ठीक होता. केबल ताणली असेल म्हणून खालचा नट आवळला. फरक नाही.

एकच माणूस हे करू शकतो. मंगळवारी संघाच्या कचेरीसमोर गाडी उभी होती, आणि अजीज तिथं फौजदारांची गाडी घेऊन आला होता. मी आत मीटिंगला. म्हणजे हा माणूस आता गाडी न मागता दुरुस्त करतो.

२२ मार्च

भांडलो. बसस्टँडवर, सगळ्यांदेखत. टपरीवरचे ट्रकवाले चहा सोडून बघायला आले. मी बरंच बोललो. दुसऱ्याच्या गाडीला न विचारता हात लावणारा चोर, असंही म्हणालो. अडाणी म्हणालो. तुझ्या उस्तादाची अक्कल मातीत गेली म्हणालो.

अजीज पहिल्यांदा हसत होता, मग हसायचा थांबला. हातातला पाना खाली ठेवला. "अल्लाकसम, म्या हात लावला न्हाय. लावला असता तर सांगितलं असतं, मला काय चोरी हाय?"

चोराच्या उलट्या बोंबा. तसाच निघून आलो. टोपी काढून तिथंच सगळ्यांना दाखवायला हवं होतं, पण अंगाचा इतका तिळपापड झालेला की सुचलंच नाही.

३० मार्च. रविवार

आज टोपी सरकवली. रागाच्या भरात इतके दिवस बघितलीच नव्हती.

आत चकती. काळी नाही. निळी.

ट्यूबची नाही, चपलेच्या तळव्याची. रबर जाड, वरून पांढरं, खालून निळं. कड इतकी गोल की वाटी ठेवून कापली असावी. भोक दाभणाचं, गरम करून पाडलेलं, कडेनं रबर वितळलेलं. चीर सरळ. अजीजच्या चकत्या कुत्र्यानं कुरतडल्यासारख्या होत्या.

दाराआड सुमनच्या जुन्या स्लिपरा असतात. संडासला जाताना घालते त्या. डाव्या चपलेच्या टाचेला गोल भोक.

मी चप्पल आणि चकती दोन्ही घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ती भाकरी थापत होती. चपलेत चकती बसवून दाखवली. बरोब्बर बसली.

ती म्हणाली, "हो. मीच."

कधीपासून, विचारलं.

"तुम्ही पायरीवरून पडला, त्याच्या पुढच्या आठवड्यात. पायरीवरून पडून पेटी जळत नाही."

मग मी काय काय बोललो ते लिहीत नाही. आवाज चढला एवढं खरं. मी इकडं सबंध नळदुर्गाशी भांडतोय, बसस्टँडवर एका माणसाला चोर म्हणून आलोय, आणि घरचीच माणसं गाडीला रबर लावतात. ती मास्तरीण आहे, सायन्स शिकवते. अजीजचं समजू शकतो, हिचं काय समजायचं? या चकतीनं उतारावर दोघंही मेलो असतो हे तिला कळतं का, असं विचारलं.

भाकरी तव्यावर टाकली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. "दादाच्या गाडीचा ब्रेक चांगला होता," म्हणाली. "चांगला होता म्हणूनच गेला."

भाकरी करपली, तीच खाल्ली.

३१ मार्च

सुमन एस.टी.नं गेली. मी एकटा उतार उतरलो. चकती काढलेली. ब्रेक झकास. कुणाला सांगायला मागं कुणी नाही.

चकती फेकली नाही. पेटीत ठेवली. का, ठाऊक नाही.

४ एप्रिल

सुमन अजून एस.टी.नंच. आज एस.टी. आलीच नाही म्हणून ती उन्हात चालत निम्म्या वाटेपर्यंत गेली, तिथून ट्रॅक्टरवर. हेडमास्तरांनी उशिराचा शेरा मारला. मी गाडीवर पुढं गेलो होतो. दोघं एकाच रस्त्यानं.

मी म्हणालो, हा हट्ट आहे. ती म्हणाली, हो, आहे.

६ एप्रिल. रविवार

तिचा दादा. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर मुकादम होता. त्यांच्या वस्तीतला पहिला मुकादम. हजेरी घ्यायला ठेकेदाराची मोटारसायकल मिळायची, त्याचं कोण कौतुक. नव्या खडीवर कुणाचं तरी पोर आडवं आलं. त्यानं पुढचा ब्रेक धरला. पोर वाचलं. सुमन तेव्हा त्याच रस्त्यावर खडी फोडत होती, सुट्टीत, शाळेच्या फीसाठी. तिनं बघितलं.

बघितलं हे मला माहीत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली. बुद्धाच्या तसबिरीशेजारी त्याचा फोटो रोज बघतो. अपघातात गेला एवढंच ऐकलेलं, पुढं कधी विचारलं नाही.

आज तिनंच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. मी म्हणालो, खडीवर चाक घसरतं, डांबरावर नाही, ब्रेकचा त्यात... तिनं हात वर केला. म्हणाली, "ते सगळं मला कळतं. मी शाळेत घर्षण शिकवते. तुमच्या हातात लिव्हर असते, पायाखाली पॅडल असतं. मागं बसलेल्याच्या हातात काय असतं? पेटीचं कडं."

पटलं नाही. पटलं नाहीच. भीती खरी असली तरी रबर चुकीचंच आहे.

१० एप्रिल

अजीजच्या दुकानावरून दोनदा गेलो. थांबायला हवं होतं. तिथं ट्रकवाले बसले होते, म्हणून नाही थांबलो. माफी मागायची तर चारचौघांतच मागायला हवी, कारण शिव्या चारचौघांत दिल्या. हे मला कळतं. पाय उतरत नाहीत.

व्यवस्थापक आज म्हणाले, दूध कमी येतंय, पर्यवेक्षकाचं लक्ष नाही असं चेअरमनसाहेब म्हणतात. उंटावरून शेळ्या हाकतात. म्हणालो, जनावरं वैरणीवाचून बाजाराला निघालीत, मी काय स्वतः दूध देऊ? हे शेवटचं मनात म्हणालो.

१४ एप्रिल

जयंती. वस्तीतल्या पोरांनी गाडी मागितली, मिरवणुकीच्या पुढं चालवायला. धुऊन पुसून निळा झेंडा बांधून दिली. चालवायला मीच. माणसाच्या चालीनं गाडी चालवणं म्हणजे सगळं काम ब्रेकचं. दोन बोटांत धरत, सोडत. पुढं लेझीम, मागं बाया. एकदाही हिसका बसला नाही.

सुमन बायांत चालत होती. बाजारचौकात मिरवणूक थांबली तेव्हा जवळ आली आणि लिव्हरवरच्या माझ्या बोटांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मला शिकवा."

काय, म्हणालो. ढोलांत ऐकू येईना.

"हे धरायला. मला शिकवा. मग मी बसेन गाडीवर."

अजीज चौकात सरबताच्या पिंपापाशी उभा होता. त्यानं ग्लास पुढं केला. मी घेतला, प्यायलो. रिकामा ग्लास परत दिला. याला माफी म्हणत नाहीत.

२० एप्रिल. रविवार

शाळेच्या मैदानावर. सुमन आईचं नऊवारी लुगडं नेसून आली, कासोटा घालून, म्हणजे दोन्हीकडं पाय टाकून बसता येतं. घरच्या ट्रंकेत इतकी वर्षं घडी होती. वडाचीवाडीच्या बाया कुंपणाशी जमल्या. एक म्हातारी म्हणाली, "बाई, फटफटी काय तुमी चालवनार व्हय?" सुमन म्हणाली, चालवत नाही, थांबवायला शिकते.

डी.एड.ला सायकल चालवायची, त्यामुळं तोल आहे. किक मी मारली, गिअर मी टाकला, मागं मी बसलो. चार फेऱ्या मारल्या. ब्रेक म्हटलं की कचकन धरते. गाडी जागच्या जागी उभी आणि माझं नाक तिच्या पाठीवर. हळू, हळू, बोटं मिटत ने, मूठ आवळू नकोस, ओरडलो. परत कचकन. परत नाक. तिसऱ्यांदा तर मी अर्धा हवेत.

मी पेटीचं कडं धरलं होतं हे नंतर लक्षात आलं, तळहाताला वळ उठले तेव्हा.

तिच्या लक्षात आलं होतं. नुसती हसली. मला राग आला.

२४ एप्रिल

रोज शाळा सुटल्यावर थोडा वेळ. बरीच सुधारणा. दहापैकी सात वेळा मऊ धरते. उरलेल्या तीन वेळा दादाचा रस्ता आठवत असावा, मूठच आवळते. मी विचारत नाही.

कुंपणापाशी बायांसाठी आता कुणीतरी बाज आणून टाकलीय.

२७ एप्रिल. रविवार

सुमन म्हणाली, मैदान झालं. उद्या उतार.

मी म्हणालो, उतारावर मी चालवतो, तू मागं बस, आता तुला ब्रेक कळलाय, पुरे. तर म्हणाली, मैदानावर कळला, उतारावर नाही. एकदा माझ्या हातानं उतरते, मग आयुष्यभर मागं बसते.

शेवटी ठरलं: सकाळी लवकर, ट्रक सुरू व्हायच्या आत. ती पुढं, मी मागं. गिअर पहिला, गाडी मीच सुरू करून देणार. एकदाच.

मी हो म्हणालो. पुढचा ब्रेक चांगला आहे, त्यानं गाडी थांबते, हे तीन महिने गावभर मीच सांगत फिरतोय. नाही कुठल्या तोंडानं म्हणू.

संध्याकाळी एकटा उतार बघून आलो. पुलाच्या अलीकडं ट्रॅक्टरमधून मुरूम सांडलाय. टोपलीभर असेल. पायानं बाजूला केला, सगळा निघाला नाही.

२८ एप्रिल. सकाळ

सुमन आत लुगडं नेसते आहे. मी ओट्यावर. गाडी समोर उभी, पुसून झाली. हवा बघितली, नट बघितले. पु.ब्रे. दोन बोटांत कडक लागतो, कधी नव्हे इतका.

पुलाजवळचा मुरूम डोक्यातून जात नाही. सातदा मऊ धरते, तीनदा कचकन. तिच्यापुढं काही नाही, नुसती मूठ आणि हवा. मी मागं, पाय पॅडलपर्यंत पोचत नाहीत. माझ्या हातात पेटीचं कडं.

पेटी उघडली होती, ॲसिडची बाटली घरी ठेवावी म्हणून. बाटली काढली. चकतीही काढली. निळी, कड अजून तितकीच गोल.

टोपी सरकवून झालीय. कधी सरकवली, आठवत नाही. चकती दोन बोटांत धरून बसलोय आणि अजीजचं ते वाक्य डोक्यात फिरतंय, मऊ लागंल पन मानूस खाली पडनार न्हाय. बसस्टँडवर याच वाक्यासाठी मी त्याला अडाणी म्हणालो होतो. काम एवढंसं आहे. नुसती अडकवायची.

आतून सुमन विचारते आहे, "ब्रेक नीट बघितला ना?"

बघतोय, म्हणालो.